अ‍ॅक्वेरियमची पांढरी सिलिका वाळू: घ्याच, पण धुऊन

शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळणारी बारीक सिलिका वाळू नव्या टाकीसाठी उत्तम. कळंगुट-मिरामारची किनाऱ्यावरची वाळू मात्र आणू नका. त्यात शिंपल्यांचा चुरा असतो; तो विरघळत राहतो आणि पाणी जड (क्षारयुक्त) होतं, पीएच चढतो. शंका असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर घाला, बुडबुडे आले की ती बाद.

या वाळूचा एकच खरा दोष म्हणजे धूळ. पिशवीवर ‘धुतलेली’ छापलं असलं तरी विसंबू नका. बालदीत दीड-दोन किलोच घ्या, पाइप तळापर्यंत नेऊन हाताने ढवळा. पहिलं पाणी ताकासारखं निघतं. आठ-दहा वेळा ओतलं की वाळूचे दाणे स्वच्छ दिसतात. २ बाय १ फुटाच्या टाकीत दीड इंच थराला १० ते ११ किलो लागते. वाळूवर बशी ठेवून तिच्यावरच हळू पाणी सोडा. पहिली रात्र फिल्टर बंद ठेवा, नाहीतर कण इम्पेलरमध्ये (फिल्टरच्या फिरत्या पंख्यात) जाऊन तो घरघरतो. मग फिल्टरमध्ये पांढरा फ्लॉस (कण अडवणारा कापसासारखा थर) घाला, रोज बदला.

दोन दिवसांत निवळलेलं पाणी पुन्हा दुधी झालं, तर ती धूळ नव्हे, जिवाणूंची वाढ. तिथे पाणी स्वच्छ करणारं औषध सहसा उपयोगाचं नाही. ते धुळीचे कण एकत्र बांधतं, एवढंच. एअर पंप चालू ठेवा, मासे असतील तर खाणं कमी करा, फ्लॉसशिवाय बाकी फिल्टर धुऊ नका. आठवडाभरात बहुधा निवळतं.