पाटलिपुत्र की शूर्पारक?

प्राचीन भारतातली रहस्यकथा वाचायची, तर मौर्यांच्या पाटलिपुत्रातली घ्यावी की सातवाहनकाळच्या कोकणातली, शूर्पारकातली, म्हणजे जुन्या सोपारा बंदरातली?

पाटलिपुत्राची बाजू भक्कम आहे. मौर्य दरबारातला ग्रीक राजदूत मेगॅस्थेनिस याने सांगितलेली लाकडी तटबंदी, ६४ दरवाजे, ५७० बुरूज. शिवाय कौटिल्याचं अर्थशास्त्र. अचानक मेलेल्या माणसाचं प्रेत तेल लावून तपासावं, गळा आवळल्याच्या आणि विषाच्या खुणा कशा ओळखाव्यात, हे सगळं त्यात आहे. संन्यासी, व्यापारी, गृहस्थ यांच्या वेशातले हेर तर आहेतच. लेखकाला आयती सामग्री! पण तिथे चाणक्य हमखास येतो, आणि तो आला की बाकीची पात्रं खुजी होतात.

कोकणात दरबार लांब, बंदर जवळ. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत म्हटलंय, की कल्याणला येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. कोणी अडवली, खलाशांचं काय झालं? या एका वाक्यावर अख्खी कादंबरी उभी राहील. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी नावानिशी भेटतात. पात्रं शोधायला लांब जायला नको.

मी विरार लोकलमध्ये वाचते. पानावर शूर्पारक आणि खिडकीबाहेर नालासोपारा, असं झालं की अंगावर काटा येतो. माझं मत कोकणाला. पाटलिपुत्र सुट्टीत, घरी, सलग वाचावं. त्यातली कारस्थानं दादर-अंधेरीच्या गर्दीत निसटतात.