बेंचवरच्या चार जागा कुणाला द्यायच्या?

मेजर लीग बेसबॉलचा संघ 26 जणांचा असतो. त्यात पिचर (चेंडू टाकणारे) जास्तीत जास्त 13 ठेवता येतात आणि बहुतेक संघ तेवढे ठेवतातच. उरलेल्या 13 पैकी नऊ जण डीएच (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) धरून रोजच्या फलंदाजीच्या क्रमात जातात. बेंचवर राहतात फक्त चौघे. 162 सामन्यांचा हंगाम, दुखापती, रात्रीच्या सामन्यानंतर लगेच येणारा दुपारचा सामना, जादा इनिंग, हे सगळं या चौघांवर निभवायचं असतं.

कॉम्प्युटरवरच्या मॅनेजमेंट गेममध्ये खऱ्या लीगच्या नियमांनी संघ बांधणारे, किंवा अमेरिकेत राहून आवडत्या संघाच्या निवडीवर तावातावाने वाद घालणारे बरेच मराठी वाचक आहेत. चौथ्या जागेवर घोडं अडलं असेल तर हा आढावा त्यांच्या कामी यावा. माझं मत आधीच सांगतो: राखीव खेळाडू निवडताना बॅटिंग ॲव्हरेज (दर संधीमागे किती हिट्स) शेवटी बघा. आधी बघा, हा माणूस मैदानात उतरल्यावर मॅनेजरचे हात मोकळे होतात की बांधले जातात.

याचं कारण एका नियमात आहे. क्रिकेटमधला बारावा खेळाडू फील्डिंगला येतो आणि मूळ खेळाडू बरा झाला की परत जातो. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा येऊच शकत नाही. म्हणून बदली खेळाडू पाठवताना दोन हिशेब करावे लागतात: येणारा काय देतो आणि जाणारा काय घेऊन जातो.

दुसरा कॅचर: इथे निवड फक्त कोणता, एवढीच

ही जागा सोडायची नाही. कॅचर म्हणजे बॅटरमागे बसून पिचरचे चेंडू झेलणारा. दर पिचला उकिडवं बसून आणि अंगावर चेंडू झेलून 162 सामने कुणीही खेळू शकत नाही. मुख्य कॅचरला आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस सुट्टी लागतेच, त्यामुळे बेंचवरच्या चौघांत सर्वांत जास्त सामने सुरू करणारा बहुधा दुसरा कॅचरच असतो.

प्रश्न असतो तो चांगला मारणारा घ्यावा की चांगला झेलणारा. मी झेलणारा घेईन. डेव्हिड रॉसची कारकिर्दीतली ॲव्हरेज फक्त .229, पण शिकागो कब्जमध्ये जॉन लेस्टरचा हक्काचा कॅचर तोच होता. 2016च्या वर्ल्ड सिरीजच्या (हंगामाच्या अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्यात पाचव्या इनिंगमध्ये लेस्टर आला आणि त्याच्याबरोबर रॉसही. आल्या आल्या रॉसचा एक थ्रो चुकला, मग लेस्टरचा एक चेंडू जमिनीवर आपटून त्याच्या मास्कला लागून दूर गेला आणि क्लीव्हलंडच्या दोन धावा आल्या. पुढच्याच इनिंगमध्ये त्याने अँड्र्यू मिलरसारख्या पिचरला होम रन मारला, वयाच्या 39व्या वर्षी. होम रन सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण संघाने त्याला त्यासाठी ठेवलं नव्हतं. लेस्टरसारखा भरवशाचा पिचर त्याच्याकडे बघून निवांतपणे चेंडू टाकत होता, यासाठी ठेवलं होतं.

2026पासून चेंडू योग्य टप्प्यात होता (स्ट्राइक) की नाही (बॉल) या पंचाच्या निर्णयाला आव्हान देण्याची सोय आली आहे आणि ते आव्हान फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर देऊ शकतो. काठावरचा चेंडू चतुराईने झेलून स्ट्राइक मिळवण्याच्या कलेचं मोल त्याने थोडं उतरेल. पण आव्हान कधी द्यायचं आणि कधी गप्प बसायचं हे ओळखणाऱ्या कॅचरचं मोल वाढेल. दुसरा कॅचर निवडताना हे नक्की तपासा.

तिसरा कॅचर ठेवायचा मोह होतो. त्याच सामन्यात कब्जनी तीन कॅचर वापरले. कॉन्ट्रेरासने सुरुवात केली, मग रॉस आला आणि दहाव्या इनिंगमध्ये तिसऱ्या मिगेल मॉन्टेरोच्या फटक्यावर आठवी धाव आली. कब्ज 8-7 असे जिंकले. तरीही नियमित हंगामात ही चैन परवडत नाही, कारण एक जागा अशा माणसाकडे जाते ज्याला दुसरीकडे कुठे उभं करता येत नाही. अपवाद एकच: मुख्य कॅचर इतका चांगला मारत असेल की सुट्टीच्या दिवशी त्याला डीएच म्हणून खेळवायचं असेल, तर तिसरा कॅचर पोटाशी असलेला बरा.

युटिलिटी खेळाडू की हुकमी पिंच-हिटर?

खरा पेच इथे आहे.

2022च्या आधी नॅशनल लीगमध्ये पिचर स्वतः बॅटिंग करायचा. सहाव्या-सातव्या इनिंगला त्याची पाळी आली की त्याच्या जागी मारायला कुणीतरी हवाच, तोच पिंच-हिटर. 2017मध्ये मायामीकडून इचिरोने पिंच-हिटर म्हणून एका हंगामात 27 हिट्स मारल्या. विक्रम 1995चा, जॉन व्हँडर वॉलच्या 28 हिट्सचा. 2022मध्ये दोन्ही लीगमध्ये डीएच आला आणि ते काम जवळजवळ संपलं. आता पिंच-हिटर लागतो तो मोजक्या वेळी: समोर डावखुरा पिचर आला आणि आपला डावखुरा बॅटर अडखळतोय, तेव्हा उजव्या हाताचा पाठवायचा. शिवाय दोन तास थंड बसून एकदम ताशी नव्वद मैलांच्या वरच्या वेगाच्या चेंडूपुढे उभं राहणं अवघड असतं. बहुतेक बॅटर पिंच-हिटर म्हणून स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा कमी पडतात. म्हणजे कागदावरची ॲव्हरेज बघून ज्याला घ्याल, तो तेवढी देणार नाही.

याउलट शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) खेळू शकणारा युटिलिटी, म्हणजे अनेक जागी खेळणारा, खेळाडू. शॉर्टस्टॉप जमणाऱ्याला सेकंड बेस आणि थर्ड बेस सहसा जमतोच, उलट मात्र होत नाही. त्यामुळे एका माणसात तीन जागांचा विमा मिळतो.

2025च्या टोरंटोविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये 36 वर्षांचा मिगेल रोहास डॉजर्सच्या बेंचवर होता. नियमित हंगामात त्याचे सगळे मिळून 7 होम रन. बरेच दिवस त्याने एकाही सामन्यात सुरुवात केली नव्हती. सहाव्या सामन्यासाठी डॉजर्सनी रचना बदलली, टॉमी एडमनला सेंटर फील्डला नेलं आणि सेकंड बेसला रोहासला उभं केलं. त्या सामन्याचा शेवट असा झाला: किके हर्नांडेझने लेफ्ट फील्डमध्ये धावत येत झेल घेतला, तसाच सेकंड बेसला फेकला, आणि रोहासने टप्पा पडून आलेला तो अवघड थ्रो पकडून दुहेरी बाद पूर्ण केला. हर्नांडेझही असाच, कुठेही उभा करा असा खेळाडू.

दुसऱ्या दिवशी सातवा सामना. नववी इनिंग, एक बाद, डॉजर्स एका धावेने मागे, बॅटिंगला रोहास. जेफ हॉफमनच्या चेंडूवर होम रन, 4-4. लगेच टोरंटोची पाळी. तिन्ही बेस भरलेले, एक बाद, आणि चेंडू रोहासकडे. तोल जात असतानाही त्याने तो होम प्लेटला फेकला. कॅचर विल स्मिथचा पाय प्लेटवरून किंचित उचलला गेला आणि वेळेत टेकला. धावणारा बाद. अकराव्या इनिंगला स्मिथच्या होम रनवर डॉजर्स जिंकले.

होम रन बाजूला ठेवा, तो पुन्हा होईल याची खात्री कुणी देणार नाही. तो नसता तरी रोहास त्या जागी योग्यच होता, कारण नववी इनिंग वाचवणारा थ्रो हे त्याचं रोजचं काम होतं. हुकमी पिंच-हिटर तिथे उभा असता तर सामना तिथेच संपला असता असं मला वाटतं. म्हणून निवड एकाचीच असेल तर युटिलिटी, आणि तोही शॉर्टस्टॉप जमणारा. 'सगळीकडे खेळतो' असं ज्याच्याबद्दल सांगतात तो प्रत्यक्षात फर्स्ट बेस आणि लेफ्ट फील्डच खेळत असेल, तर त्याला युटिलिटी समजू नका.

धावणारा की चौथा आउटफिल्डर?

धावणाऱ्याच्या बाजूने सगळे डेव्ह रॉबर्ट्सचं नाव घेतात. 2004, यांकीजविरुद्धच्या मालिकेत बॉस्टन 0-3 ने मागे, चौथा सामना, नववी इनिंग, समोर मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलर वॉकवर (चार बॉल पडल्याने) फर्स्ट बेसला गेला आणि त्याच्या जागी रॉबर्ट्स आला. तो सेकंड बेस चोरणार (पिच पडताना पळून पुढचा बेस गाठणार) हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं. रिव्हेराने तीनदा फर्स्ट बेसला चेंडू फेकला. मग पहिल्याच पिचला रॉबर्ट्स पळाला आणि डेरेक जीटरच्या टॅगच्या आधी पोचला. बिल म्युलरच्या हिटवर तो घरी आला, बरोबरी झाली आणि मालिका फिरली.

आता दुसरी बाजू. 1974मध्ये ओकलंडचा मालक चार्ली फिन्ली याने हर्ब वॉशिंग्टन नावाचा धावपटू फक्त पळायला घेतला. दोन हंगामांत 105 सामने, बॅट हातात एकदाही नाही. 48 वेळा चोरी करायला गेला, 31 वेळा साधली. म्हणजे 65 टक्क्यांच्याही आतच, आणि एवढ्या यशात चोरीचा फायदा होत नाही, नुकसानच होतं. 1974च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दुसऱ्या सामन्याच्या नवव्या इनिंगला माइक मार्शलने त्याला फर्स्ट बेसवरच टिपलं. ओकलंडने मालिका जिंकली ती त्याच्याशिवायच्या बळावर.

दोघेही वेगवान होते. फरक इतकाच की रॉबर्ट्स मुळात आउटफिल्डर होता. पळून झाल्यावर त्याला मैदानात उभं करता येत होतं, पिचरची हालचाल वाचता येत होती. वॉशिंग्टनला पुढच्या इनिंगला काढावंच लागायचं, म्हणजे एका धावेच्या आशेवर दोन खेळाडू खर्च.

2023चे नियमही लक्षात घ्या. बेस 15 इंचांवरून 18 इंचांचे झाले, आणि पिचरला दोनदाच मोकळेपणाने चेंडू बेसला फेकता येतो. तिसऱ्यांदा फेकून बाद झाला नाही तर धावणाऱ्याला पुढचा बेस मिळतो. रिव्हेराचे ते तीन थ्रो आज परवडले नसते. 2022मध्ये लीगमध्ये 2,486 चोऱ्या झाल्या होत्या, 2023मध्ये 3,503. पण चोरी सगळ्यांनाच सोपी झाली म्हणजे केवळ चोरीसाठी ठेवलेल्या माणसाचं वेगळेपण कमी झालं. नियमित हंगामात दहाव्या इनिंगपासून सेकंड बेसवर आयता धावणारा मिळतो, तिथे वेगवान माणूस उपयोगी पडतो हे खरं. तेवढ्यासाठी अख्खी जागा देऊ नका.

धावण्यासाठी बदल करण्याची किंमत किती असते हे 2025च्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात दिसलं. टोरंटोच्या बो बिशेटचा गुडघा दुखावलेला, म्हणून सातव्या इनिंगला हिट मारल्यावर त्याच्या जागी धावायला आयझाया काइनर-फालेफा आला. हिशेब चूक नव्हता. पण सामना 18 इनिंग चालला आणि उरलेल्या अकरा इनिंग टोरंटोला बिशेटच्या बॅटशिवाय काढाव्या लागल्या. ते 6-5 ने हरले. सातव्या सामन्यातही होम प्लेटला बाद झालेला धावणारा काइनर-फालेफाच होता, तेव्हाही बिशेटच्याच जागी आलेला.

सेंटर फील्ड खेळणारा वेगवान चौथा आउटफिल्डर घ्या. रोहासच्या थ्रोनंतरचा चेंडू आठवा: टोरंटोचा अर्नी क्लेमेंट, उंच उडालेला फटका, आणि नुकताच फील्डिंगसाठी आत आलेला अँडी पाहेस. फॉर्म गेला म्हणून त्याला बसवलं होतं. तो धावत आला, हर्नांडेझवर आदळला आणि चेंडू सोडला नाही.

फील्डिंगचा बदलही फुकट नसतो. 2016च्या त्याच सामन्यात क्लीव्हलंडने नवव्या इनिंगला चांगल्या थ्रोसाठी कोको क्रिस्पच्या जागी मायकेल मार्टिनेझला आणलं. दहाव्या इनिंगला एक धाव मागे, दोन बाद, आणि बॅटिंगची पाळी आली ती मार्टिनेझची. कारकिर्दीतली ॲव्हरेज .197. हळू चेंडू थर्ड बेसला, फर्स्ट बेसला थ्रो, आणि कब्जचा विजेतेपदाचा 108 वर्षांचा उपवास सुटला. त्या बदलाला मी चूक म्हणणार नाही. पण चौथा आउटफिल्डर थोडी तरी बॅट चालवणारा हवा, कारण नेमकी नको तेव्हा पाळी त्याच्यावर येते.

मग चौथी जागा?

कॅचर, शॉर्टस्टॉप जमणारा, सेंटर फील्ड जमणारा. तिघे ठरले. मारणाऱ्याला जागा द्यायची ती इथे, आणि तीही तुमच्या क्रमाकडे बघून. क्रमात पाच-सहा डावखुरे असतील तर डावखुऱ्या पिचरला ठोकणारा उजव्या हाताचा बॅटर, शक्यतो फर्स्ट बेस किंवा कोपऱ्यातली आउटफिल्ड सांभाळणारा. 2020पासून पिचरला किमान तीन बॅटरना सामोरं जावं लागतं किंवा इनिंग संपवावी लागते, त्यामुळे तुम्ही उजवा बॅटर पाठवला म्हणून समोरचा मॅनेजर लगेच पिचर बदलू शकत नाही. क्रम समतोल असेल तर चौथी जागाही दुसऱ्या युटिलिटीला द्या. इनफिल्डमधला कुणी पस्तिशीच्या पुढचा असेल तर नक्कीच.

या चौघांचा वॉर (बदली खेळाडूपेक्षा किती सामने जास्त जिंकून दिले) हा आकडा बघून निराश होऊ नका. त्या मापात शून्य म्हणजे सहज मिळणारा बदली खेळाडू, आणि नुसत्या तशांचा संघ 162 पैकी 47-48 सामने जिंकेल असं धरलेलं असतं. राखीव खेळाडूचा आकडा शून्याच्या आसपासच येतो. आकडा खोटा नाही, पण तो खेळलेल्या वेळेचा हिशेब आहे. बेंचवर खात्रीचा शॉर्टस्टॉप आहे म्हणून मॅनेजरने मुख्य खेळाडूला वेळेत विश्रांती दिली, याचं श्रेय त्या आकड्यात राखीव खेळाडूच्या खात्यावर येत नाही.

शेवटी पैसे आणि कागदपत्रं. 2026चं किमान वेतन 7,80,000 डॉलर आहे. बरोबरीचे दोन युटिलिटी असतील तर ज्याची 'ऑप्शन' शिल्लक आहेत तो घ्या, म्हणजे त्याला मायनर लीगमध्ये पाठवून परत बोलावता येतं, एका हंगामात पाच वेळा पाठवता येतं. मुरलेला, ऑप्शन संपलेला खेळाडू खाली पाठवायचा तर आधी वेव्हर्सवर टाकावा लागतो आणि दुसरा संघ त्याला उचलू शकतो. दुसऱ्या कॅचरच्या बाबतीत मात्र मी मुरलेलाच घेईन. आणि 1 सप्टेंबरला संघ 28 चा होतो, त्यात एक जागा पिचर सोडून कुणालाही देता येते. फक्त पळणारा माणूस आवडत असेल तर त्याला तेव्हा बोलवा.