तारीख उलटलेलं दही आणि आमच्या नाक्यावरची डेअरी

सहा वर्षं झाली, कपातलं दही मी नाक्यावरच्या डेअरीतूनच आणते. ४०० ग्रॅमचा कप, वर चंदेरी झाकण, छापलेली मुदत पंधरा दिवसांची. घरी विरजण लावतेच, पण नाशिकच्या मे महिन्यात सकाळचं दही संध्याकाळपर्यंत आंबटढाण होतं, म्हणून एक कप फ्रिजमध्ये असतोच.

परवा गावाहून आलो तर कपावरची तारीख उलटून चार दिवस झाले होते. सून म्हणाली, "आई, टाकून देऊ?" म्हटलं, थांब, आधी बघू तरी. कप सीलबंद होता, फ्रिज चालू होता, झाकण सपाट. उघडलं तर वर दोनेक चमचे निवळी आणि खाली कवडीसारखं घट्ट दही. चमच्याने कापलं तर कड उभीच राहिली. वास आंबट, पण स्वच्छ. बुरशीचा ठिपका नाही, गुलाबी छटा नाही, तार नाही. थोडं चाखलं, ताज्यापेक्षा बरंच आंबट. आलं-मिरची वाटून कढी केली आणि आम्ही दोघींनी ओरपली. काही त्रास झाला नाही.

दह्यातले जिवाणू फ्रिजमध्येही हळूहळू आम्ल तयार करत राहतात. म्हणून दही दिवसेंदिवस आंबट होतं आणि त्याच आंबटपणामुळे बरेचसे घातक जंतू त्यात वाढू शकत नाहीत. बुरशी आणि यीस्ट मात्र आम्लाला दाद देत नाहीत. निवळी सुटली म्हणजे दही बिघडलं असं नाही. ती ढवळून घ्यावी. पण बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी अख्खा कप टाकावा. वरचं काढून खालचं खाऊ नये, कारण मऊ पदार्थात तिचे तंतू खोलवर गेलेले असतात. उकळून कढी केली तरी बुरशीचं विष जाईलच असं नाही.

उलटा अनुभवही सांगते. मागच्या उन्हाळ्यात डेअरी बंद होती म्हणून दुसऱ्या एका दुकानातून कप आणला. तारखेला अजून दोन दिवस होते, पण झाकण पुरीसारखं फुगलेलं. टोचलं तर फुस्स करून हवा आली आणि शिळ्या पावासारखा वास सुटला. परत न्यायला गेले तर दुकानदार म्हणतो, "ताई, तारीख आहे की अजून!" रात्री दुकान बंद करताना फ्रिजही बंद करतात, हे त्याच्याच पोऱ्याने सांगितलं. मग त्या तारखेला अर्थ काय राहिला? ती सतत थंड ठेवलेल्या, न उघडलेल्या कपासाठी असते. उघडलेला कप मी दोन-तीन दिवसांत संपवते, तारीख काहीही असो.

डेअरीवाले काका फ्रिज रात्रंदिवस चालू ठेवतात. आत थर्मामीटर टांगलेला आहे, मी पाहिलं तेव्हा काटा चारवर होता. मुदत संपत आलेले कप स्वतःहून दाखवतात, "कढीला चालतील, आजच करा" म्हणतात. तारीख उलटलेला कप मागितला तरी देत नाहीत, तसा माल विकायला कायद्याने बंदीच आहे. एकच तक्रार, झाकणावरची तारीख इतकी पुसट छापलेली असते की चष्मा लावूनही उजेडात धरावी लागते. काकांना दोनदा सांगितलं, ते कंपनीकडे बोट दाखवतात.

आणि त्या दिवशी नातवाला कढी दिली नाही. तो दीड वर्षाचा आहे, त्याच्या वाटीत माझं सकाळी लागलेलं ताजं दही होतं. लहान मुलं, गरोदर बाई, आजारातून उठलेलं माणूस यांना मी तारखेपुढचं दही देत नाही. विरजणालाही तो कप वापरला नाही. इतक्या आंबट विरजणाने दूध नीट लागत नाही, पाणी सुटतं.