एनवायएससी: नायजेरियाची वर्षभराची सक्तीची सेवा

नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या पूर्व भागाशी झालेलं बियाफ्राचं यादवी युद्ध 1970 मध्ये संपलं. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखलेल्या भागांतली पोरं एका पंगतीला कशी बसवायची, यावर जनरल गोवन यांच्या लष्करी सरकारनं मे 1973 मध्ये काढलेला तोडगा म्हणजे ही सेवा, 'नॅशनल यूथ सर्व्हिस कोअर' अर्थात एनवायएससी. पदवी घेताना तिशी उलटलेली नसेल, तर एक वर्ष द्यावंच लागतं. तेही परक्या राज्यात, आणि यातली खरी गोम हीच. आपल्या एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर बहुतेक वेळा कॉलेजच्या आसपासच्या गावात उरकतं. इथे नैर्ऋत्येकडच्या लेगॉसच्या योरुबा मुलीला उत्तरेतल्या हौसा मुलखात बिऱ्हाड थाटावं लागतं.

सुरुवात 21 दिवसांच्या कॅम्पनं. पहाटे बिगुल, कवायत, मग व्याख्यानं. दिवसभर पांढरा टी-शर्ट आणि पांढरी हाफपँट. मिळतात दोनच जोड, म्हणून साधे पांढरे दोन-तीन जोड घरूनच न्यावेत. बुटांचं आणि खाकीचं माप नोंदणीतच भरून घेतात, तरी हाती भलतंच पडतं. पहिल्याच दिवशी आपल्या प्लॅटूनमध्ये, म्हणजे कॅम्पमधल्या तुकडीत, अदलाबदल करून टाकावी. रेंगाळलात तर उरतात ते कुणालाच न होणारे बूट, आणि ते परेडमध्ये टाचा सोलून काढतात. मेसचं जेवण बेताचंच. कॅम्पमधल्या 'मामी मार्केट'मध्ये सगळं मिळतं, पण खिसा सांभाळा.

कॅम्प मजेचा असतो. पण एकात्मता घडली तर घडते पुढच्या महिन्यांत, नेमणुकीच्या गावी. पुष्कळांच्या वाट्याला शाळेत शिकवणं येतं, शिवाय आठवड्यातून एक दिवस समाजकार्य. नेमलेल्या संस्थेनं 'जागा नाही' म्हटलं तर नकार शिक्क्यासह लेखीच घ्यावा, तोंडी नकारावर फाइल हलत नाही. दरमहा हजेरीची पडताळणी चुकवली की भत्ता अडकतो. हा भत्ता 33,000 नायरांवरून 77,000 झाला. किमान वेतन 70,000 आहे, तेव्हा दूरच्या राज्यात खोली घेऊन राहणाऱ्याची ओढाताण ठरलेली.

योजनेला गळती लागते बदलीच्या अर्जांतून. लग्न, आजारपण, सुरक्षितता अशी कारणं दाखवून मुलं मोठ्या शहरांत परततात. मग परक्या मुलखाची ओळख व्हायची कशी? पण दोष तरी कुणाला द्यावा? एप्रिल 2011 च्या निवडणुकीनंतरच्या दंगलीत उत्तरेतल्या बाउची राज्यात मतदान केंद्रांवर राबलेली हीच मुलं मारली गेली. आईबापांचा जीव टांगणीला लागणारच. अशांत भागात नेमणूक करायचीच नाही, हा नियम बदलीच्या खिडकीपेक्षा बरा.

शेवटी मिळणारं प्रमाणपत्र जपून ठेवा, नोकरीच्या दारात तेच आधी मागतात. सेवेतून सूट मिळाल्याचं प्रमाणपत्र बनावट असल्याच्या आरोपावरून 2018 मध्ये अर्थमंत्री केमी अडेओसुन यांना पद सोडावं लागलं. त्यांना ही सेवा लागूच नव्हती, असा निकाल कोर्टानं 2021 मध्ये दिला.