द्राक्षबागेतला लोरावॅन: एसएफ वाढवायचा की दुसरा गेटवे बसवायचा?

बागेत लोरावॅन आहे, म्हणजे कमी बॅटरीत लांबवर छोटे मेसेज पाठवणारं रेडिओ नेटवर्क. गेटवे (सेन्सरचे मेसेज ऐकून इंटरनेटवरून सर्व्हरकडे पाठवणारा डबा) चालू आहे, सेन्सर चालू आहेत, पण लांबच्या प्लॉटमधले मेसेज मधूनमधून गळतात. अशा वेळी दोन वाटा असतात: सेन्सरचा स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ) वाढवायचा, म्हणजे मेसेज सावकाश पण लांबवर ऐकू जाईल असा पाठवायचा, किंवा दुसरा गेटवे बसवायचा. निफाड तालुक्यातल्या आमच्या बागेत मी दोन्ही करून पाहिलं आहे.

एसएफ वाढवायला पैसे लागत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. एकेका पायरीला साधारण अडीच डेसिबल मिळतात, म्हणजे ७ वरून १२ वर गेलं की साडेबारा. मोकळ्या रानात तेवढ्याने खूप फरक पडतो. पण किंमत हवेतल्या वेळेत मोजावी लागते. दहा बाइटचा मेसेज एसएफ ७ वर सुमारे ६२ मिलिसेकंदांत जातो, एसएफ १२ वर त्याला जवळपास दीड सेकंद लागतो. बॅटरी त्याच हिशोबाने उतरते. शिवाय सेन्सर बोलण्याआधी ऐकत नाहीत, त्यामुळे मेसेज लांबला की टक्करही वाढते. सेन्सर मोजकेच असतील तर हे चालून जातं.

माझा निर्णय झाला तो एडीआरमुळे, म्हणजे सिग्नल बघून एसएफ आपोआप बदलण्याच्या सोयीमुळे. ऑक्टोबर छाटणीनंतर वेली उघड्या असतात आणि सिग्नल उत्तम येतो. सर्व्हर शेवटच्या वीसेक मेसेजमधला सर्वांत चांगला सिग्नल बघतो आणि एसएफ खाली आणतो. त्याला जे दिसतं त्यावरून ते बरोबरच आहे. पण डिसेंबरात कॅनॉपी (पानांचा पसारा) भरलेली असते, त्यात अवकाळी पाऊस आला की पानं रात्रभर ओली राहतात आणि ओली पानं सिग्नल खातात. डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी घ्यायची की नाही हे ठरवायला पानओलाव्याची माहिती नेमकी त्याच रात्री हवी असते.

एसएफ वर न्यायचं काम मात्र बहुतेक सर्व्हर सेन्सरवरच सोडतात. उत्तर न आलेले ६४ मेसेज झाले की सेन्सर सर्व्हरला विचारतो, मग आणखी ३२ मेसेज वाट बघतो. दर १५ मिनिटांनी मेसेज असेल तर हे २४ तास झाले! त्यानंतरही आधी पॉवर वाढते, मग एसएफ एकेक पायरी चढतो. मध्येच एखादं उत्तर मिळालं की मोजणी पुन्हा शून्यावर. ही नेहमीची सेटिंग आहे, बदलता येते, पण सगळ्या सेन्सरमध्ये ती सोय मिळेलच असं नाही. महिन्याची टक्केवारी मात्र छान दिसते, कारण कोरड्या दिवसांचे मेसेज पोचलेलेच असतात. बागेच्या दृष्टीने प्रश्न असतो सलग किती तास मेसेजविना गेले हा.

एडीआर बंद करून एसएफ १० पक्का करता येतो. ते चाललंही. पण मोजक्या ओल्या रात्रींसाठी वर्षभर एसएफ ७ च्या सहापट वेळ हवेत घालवणं मला पटलं नाही. प्रत्येक मेसेजची पोच मागणं मी सुचवणार नाही. पोच पाठवताना नेहमीचा गेटवे बाकी कुणाचं ऐकू शकत नाही.

दुसरा गेटवे लावला तर सेन्सरला हातही लावावा लागत नाही. लोरावॅनमध्ये सेन्सर एका गेटवेला बांधलेला नसतो. ज्याला ऐकू येईल तो मेसेज पुढे पाठवतो, दुबार आलेला सर्व्हर काढून टाकतो. एका बाजूचा रस्ता ओल्या पानांनी अडवला तरी दुसरा मोकळा असू शकतो. एसएफ खालीच राहतो, बॅटरी टिकते. आमच्याकडे ओल्या रात्रींचे खड्डे यानेच भरले.

त्रास आहेच. सिम, खांब, अर्थिंग, आणि पावसात वीज जाते म्हणून सोलर व बॅटरी, हा सगळा खर्च अंगावर येतो. दोन्ही गेटवे एकाच टाकीवर ठेवले तर फारसा उपयोग नाही, समोरासमोरच्या बाजू घ्याव्या लागतात.

तुमच्याकडे तासाला एकदा बोलणारे एक-दोन मातीतल्या ओलाव्याचे सेन्सरच लांब असतील, तर एसएफ वाढवा आणि पैसे वाचवा. माती सावकाश बदलते, एखादा मेसेज गेला तरी पुढचा येतो. पानओलावा आणि हवामान केंद्र असेल तर मी गेटवेकडेच झुकेन. त्याची जागा कॅनॉपी भरल्यावर, दवाच्या सकाळी आकडे घेऊन ठरवा, छाटणीनंतरच्या आकड्यांवर खांब रोवू नका.