'खात्रीची जोडी' म्हणून घेतलेली कासवं: २२ महिन्यांनंतर

गेल्या रविवारी सखूच्या मानेला चावा बसला आणि टाकीच्या पाण्यात रक्त दिसलं, म्हणून आज लिहायला बसले.

रेड इअर्ड स्लायडरची ही दोन पिल्लं आम्ही कॅम्पातल्या एका दुकानातून घेतली, तेव्हा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडीच मोठी होती. एकाचे ६०० रुपये. "फार्ममध्ये जन्मलेली आहेत ताई, नर-मादीची खात्रीची जोडी देतो," म्हणून वरचे ४००. सासूबाईंना घरात कासवांची जोडीच हवी होती. मी पुष्कळ घासाघीस केली, पण ते ४०० काही सुटले नाहीत. दुकानदाराने पिल्लं उलटी करून दाखवली: पोट खोलगट तो नर, सपाट ती मादी. मला पटलं. एक बाळू, एक सखू.

सखू नर आहे.

पिल्लू एवढंसं असताना बाहेरून बघून कोणालाच ओळखता येत नाही, हे मला दीड वर्षाने कळलं. या कासवांचं लिंग अंडं उबताना ठरतं: साधारण २७ अंशांच्या आसपास आणि त्याखाली नर, ३१ च्या वर माद्या, मधे दोन्ही. खरी खूण दिसते ती पाठ चारेक इंच झाल्यावर. नराच्या पुढच्या पायांची नखं लांबच लांब वाढतात, शेपूट जाड आणि लांब होते, आणि शेपटीखालचं छिद्र कवचाच्या कडेच्या बाहेर जातं. मादीची नखं आखूड, शेपूट बारीक, छिद्र कवचाच्या आतल्या बाजूला. नखं थरथरवणं ही खूण धरू नका, लहान पिल्लंही तसं करतात. आमच्या दोघांची नखं एकाच पावसाळ्यात वाढली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या.

आधी मी सोसायटीत सगळ्यांना सांगत होते की दुकानदाराने मुद्दाम दोन नर गळ्यात मारले. डॉक्टरांशी बोलल्यावर तो आरोप मागे घेते, त्यालाही कळणं शक्य नव्हतं. अंडी किती तापमानाला उबवली हे फार्मवाल्याने लिहून दिलं असतं तर निदान अंदाज बांधता आला असता, पण तसला कागद त्याच्याकडे नव्हता. मग खात्री कशाची विकली? राग त्या ४०० रुपयांचा आहे आणि तो गेलेला नाही. त्यापायी आता दुसरी टाकी, दुसरा फिल्टर आणि दुसरा यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारा) दिवा, मिळून ७,२०० रुपये गेले. (दिवा हवाच. खिडकीतलं ऊन पुरत नाही, काच यूव्हीबी अडवते. दिवा जळत दिसला तरी वर्षाच्या आत बदलावा लागतो.)

कासवांबद्दल मात्र माझी एक तक्रार नाही. डिसेंबरात हीटर लागतो, गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारीच टाकी बदलून ठेवते, एवढंच. दोघंही खणखणीत आहेत, कवच टणक आहे. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, हे मुलीला पहिल्या दिवसापासून शिकवलं. साल्मोनेला नावाच्या जंतूमुळे अमेरिकेत चार इंचांखालची पिल्लं विकायला १९७५ पासून बंदी आहे.

मादी निघाली असती तरी खर्च होताच. ती नरापेक्षा बरीच मोठी होते, दहा-अकरा इंचांपर्यंत, आणि नर नसतानाही अंडी घालते. त्यासाठी मातीची जागा द्यावी लागते, नाहीतर अंडी पोटात अडकतात.

त्याच दुकानात मला हळूच स्टार कासवही देऊ केलं होतं, "हेही फार्मचंच" म्हणून. ते घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे, फार्मचं म्हटल्याने घरात ठेवता येत नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, एकाला कात्रजच्या तलावात सोडून दे, पुण्य लागेल. नाही सोडणार. ही मूळची अमेरिकेतली कासवं, आपल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतात. तीस वर्षं जगली तरी दोघंही आमच्याकडेच राहतील, वेगवेगळ्या टाक्यांत.

परवा चावलेल्या सखूचा फोटो घेऊन पुन्हा दुकानात गेले. पैसे मिळाले नाहीत. निदान फळ्यावरचं 'खात्रीची जोडी' तरी पुसा, म्हणून सांगितलं. मी निघाले तेव्हा ते तसंच होतं.