फोल्डेबल फोन: दुकानातल्या टेबलावर न कळलेल्या गोष्टी

पुस्तकासारखा उघडणारा फोन गेले बरेच महिने रोज वापरतेय. निकाल आधीच सांगते: फोनवर वाचन जास्त असेल तर जरूर घ्या, मुख्यतः सिनेमे बघायला घेणार असाल तर नका घेऊ. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली जे सांगतेय ते या प्रकारच्या जवळपास सगळ्याच फोनना लागू आहे आणि नाव आलं की बोलणं त्या एका कंपनीवरच घसरतं.

सिनेमाचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. आतली स्क्रीन आठ इंची असल्याचं ऐकलं की छोटा टीव्ही डोळ्यांसमोर येतो. पण ती स्क्रीन जवळजवळ चौकोनी असते. २.३९:१ प्रमाणातला रुंद सिनेमा तिच्यावर लावला, तर चित्र साध्या ६.७ इंची फोनवर दिसतं तेवढंच दिसतं, कधी कधी किंचित लहानच. १६:९ चा व्हिडिओ नक्कीच मोठा दिसतो, तरी एक तृतीयांशाहून जास्त स्क्रीन काळ्या पट्ट्यांतच जाते. दुकानातल्या डेमोमध्ये हे लक्षात येत नाही, कारण तिथली क्लिप त्या स्क्रीनच्या मापानेच बनवलेली असते.

वाचनाची गोष्ट मात्र वेगळी. पीडीएफचं अख्खं पान झूम न करता वाचता येतं. दोन कॉलमचे लेख, स्कॅन केलेली जुनी मासिकं, नकाशे, मोठ्या एक्सेल शीट या सगळ्यासाठी पूर्वी लॅपटॉप उघडावा लागायचा, तो आता लागत नाही. एका बाजूला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला नोट्स अशी मांडणी माझ्या कायमच्या सवयीची झाली आहे. फोन अर्धवट दुमडून टेबलावर उभा करता येतो, त्यामुळे व्हिडिओ कॉलला स्टँड लागत नाही. हे मला कॅमेऱ्यापेक्षाही मोलाचं वाटतं.

तरी दिवसातला बराचसा वेळ बाहेरच्या स्क्रीनवरच जातो. मेसेज, कॉल, ओटीपी, पेमेंट यासाठी कोणी फोन उघडत बसत नाही. म्हणून घेताना बाहेरची स्क्रीन आधी तपासा. २०१९ च्या सॅमसंगच्या पहिल्या गॅलेक्सी फोल्डमध्ये ती फक्त ४.६ इंची होती, तिच्यावर टाइप करणं त्रासाचंच होतं. आताच्या बहुतेक मॉडेलमध्ये ती साध्या फोनसारखी रुंद असते, आणि माझ्या मते या प्रकारच्या फोनमधली सगळ्यात मोठी सुधारणा हीच.

आता दुकानाबद्दल. ॲपलने १९ मे २००१ ला अमेरिकेत पहिली दोन स्टोअर उघडली आणि वस्तू काचेच्या कपाटातून बाहेर काढून मोकळ्या टेबलावर हाताळायला ठेवायची पद्धत रुळवली. आज बहुतेक मोठ्या ब्रँडची दुकानं तशीच असतात. ही पद्धत मला मनापासून आवडते. पण फोल्डेबल फोनच्या बाबतीत त्या मांडणीत बऱ्याच गोष्टी झाकल्या जातात. छत म्हणजे एक सलग उजळलेलं पॅनेल असतं, प्रकाश सगळीकडून सारखा आणि मऊ पडतो, म्हणून मधल्या घडीची रेषा जवळपास दिसत नाही. घरी रात्री एकच दिवा बाजूने लागलेला असला की तीच रेषा ठळक दिसते. शिवाय टेबलावरच्या फोनला मागून चोरीविरोधी केबल चिकटवलेली असते. त्यामुळे खरं वजन कळत नाही, जाडी कळत नाही, कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन टेबलावर डुगडुगतो तेही कळत नाही. खिशात घालून बघायचा तर प्रश्नच नाही. फोन सतत चार्जरला जोडलेला, म्हणून बॅटरीचा अंदाजही येत नाही. माझ्या फोनमध्ये आतली स्क्रीन तासन्‌तास वापरली की संध्याकाळपर्यंत चार्जर शोधावा लागतो.

लीक म्हणजे फोन येण्याआधीच फुटणारी माहिती, तिचं आणि अफवांचंही असंच आहे. मी त्या आवडीने वाचते आणि त्या बऱ्याचदा खऱ्या ठरतात. कव्हर बनवणाऱ्यांकडे मापं आधी पोचतात, चीनमध्ये विक्रीसाठी लागणाऱ्या थ्रीसी प्रमाणपत्रात चार्जिंगचे वॅट दिसतात, डिस्प्लेच्या पुरवठा साखळीतून इंच कळतात. म्हणून जाडीची चर्चा सगळ्यात जोरात होते, आणि ती खोटी नसते: सॅमसंगचा झेड फोल्ड ६ घडी घातल्यावर १२.१ मिमी होता, वर्षभराने आलेला झेड फोल्ड ७ फक्त ८.९ मिमी. हा फरक हातात घेतल्याबरोबर जाणवतो. पण सुटे भाग बघून जे कळतं तेवढंच लीकमध्ये येतं. चार-सहा महिन्यांनी आतल्या स्क्रीनवरच्या प्लॅस्टिक फिल्मचं काय होतं, हे कुठल्याच लीकमधून कळणार नाही.

आणि ती फिल्मच या फोनमधला सगळ्यात नाजूक भाग आहे. आतली काच केसापेक्षाही पातळ असते, म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकचा थर असतो. तो स्क्रीन प्रोटेक्टरसारखा दिसला तरी काढायचा नसतो. २०१९ मध्ये काही समीक्षकांनी तो सोलला आणि पहिल्या गॅलेक्सी फोल्डच्या स्क्रीन बिघडल्या. पुढे विक्रीच एप्रिलवरून सप्टेंबरवर गेली. माझ्या फोनमध्ये काही महिन्यांनी घडीच्या मधोमध फिल्मखाली हवेचा बारीक बुडबुडा आला आणि हळूहळू लांबत गेला. स्क्रीनला काही झालं नाही, सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फिल्म बदलून दिली, पण फोन तिथे ठेवावा लागला. नखाचा ओरखडाही या थरावर उमटतो, म्हणून किल्ल्या आणि फोन एका खिशात नकोत.

बिजागरी मात्र अजून पहिल्या दिवसासारखी घट्ट आहे. कंपन्यांचा दोन लाख घड्यांचा दावा रोज शंभर वेळा उघडझाप धरली तर साडेपाच वर्षांच्या जवळ जातो, पण ती चाचणी प्रयोगशाळेत, धुळीशिवाय होते. फोन धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित हे सांगणारं रेटिंग आयपीएक्स८ असेल तर त्यातल्या एक्सचा अर्थ धुळीची चाचणीच नोंदवलेली नाही. आयपी४८ मधला चार फक्त एक मिलिमीटरहून मोठे कण अडवतो, वाळूचे बारीक कण त्याहून लहान असतात. समुद्रकिनारी मी हा फोन पिशवीतून बाहेर काढत नाही.

बघायला जाल तेव्हा स्वतःची एखादी पीडीएफ क्लाउडवरून उघडा, एका हाताने फोन मिटून बघा, बाहेरच्या स्क्रीनवर एक मोठा मेसेज टाइप करा, आणि केबल पुरत असेल तर फोन खिडकीकडे तिरका धरून घडी बघा. पातळ मॉडेल येणार म्हणून थांबायचं की नाही, याचा विचार त्यानंतर करा. पुढचं मॉडेल पातळ असणारच, ते दरवर्षी असतं. आतली फिल्म वॉरंटीत किती वेळा बदलून मिळते आणि फोन किती दिवस ठेवून घेतात, एवढं मात्र पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या.